जाबदार गैरहजर

बदलीच्या नोकरीत ज्याचे आयुष्य गेले त्याला पत्त्याचे महत्त्व दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागत नाही. दर तीन-चार वर्षांनी विम्याचे कागद, मुलांच्या शाळेचे दाखले, बँकेची खाती आणि मासिकांच्या वर्गण्या या साऱ्यांवरचा पत्ता बदलीत बसणे हा आम्हां लोकांचा नित्यनेमच होय. तरीही काही पत्रे मागल्या गावी जातात, आणि नव्या घरी मागल्या बिऱ्हाडाची पत्रे येत राहतात. काही वर्षांपूर्वी आम्ही बंगळुरास बदलून आलो आणि कोरमंगलात घर भाड्याने घेतले, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत आमच्या नावापेक्षा परक्या नावांचेच टपाल अधिक आले. अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहणाऱ्यांच्या वस्तीत दुसरे काय व्हायचे?

एके दिवशी त्या टपालात एक लांबट तपकिरी लखोटा होता. वर एका बाईचे नाव, आडनाव निःसंशय मराठी. आणि कोपऱ्यात महाराष्ट्रातल्या एका न्यायालयाचा वाटोळा शिक्का. पोस्टमनाने विचारले, आम्ही सांगितले की या बाई येथे राहत नाहीत, कोठे गेल्या ठाऊक नाही. त्याने पाठीवर पत्ता सोडून गेल्याचा शेरा मारला आणि लखोटा आल्या वाटेने परत गेला. परमुलखात मराठी नाव वाचावयास मिळाले याचे क्षणभर बरे वाटले, इतकेच. लखोट्यात काय होते हे आम्हांस आजही ठाऊक नाही. एखाद्या पतपेढीच्या कर्जाचा तगादा असेल, वाटणीचा दावा असेल. पण घटस्फोटाच्या अर्जाचे समन्स असेल तर त्या एका शेऱ्याने पुढे काय काय घडू शकते, हे आम्हांस फार उशिरा कळले. आणि ते कळल्यावर, ज्याच्यावर अर्ज केला तो आलाच नाही तर आपल्या लोकांनी आजवर काय केले, हे शोधून पाहण्याची इच्छा झाली.

मराठी न्यायालयांत अशा अर्जातील समोरच्या पक्षाला जाबदार म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. जाब म्हणजे जबाब. तो ज्याने द्यायचा तो जाबदार. पुकारा होतो, शिपाई नाव घेऊन तीनदा हाक मारतो, आणि व्हरांड्यातून उत्तर येत नाही. मग रोजनाम्यात ‘जाबदार गैरहजर’ असे दोन शब्द उमटतात. येथून पुढे प्रकरण एकतर्फा चालते. प्रश्न असा की, जो बोलला नाही त्याने मान्य केले, असे धरायचे काय?

आमच्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न सुटलेला नव्हता असे मुळीच नाही. नारदाने हीन वादीचे पाच प्रकार सांगितले: बोलणे फिरवणारा, पुराव्याचा द्वेष करणारा, हजर न होणारा, निरुत्तर राहणारा आणि बोलावणे येताच पळून जाणारा. याज्ञवल्क्यानेही बोलावले असता काही न बोलणाऱ्यास हीन आणि दंड्य ठरविले. त्या श्लोकावर ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वराने खल केला आहे, की हीन म्हटल्यावर पुन्हा दंड्य कशाला म्हणायचे? त्याचा निष्कर्ष असा की, असा मनुष्य दंडही भरतो आणि वादही हरतो. हा विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्याच्या काळी कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास होऊन गेला. मराठी व कानडी मुलखाच्या शिवेवरचे ते गाव आहे. तेव्हा न आलेल्या माणसाची ही चर्चा आमच्या व या प्रांताच्या सामाईक वारशातली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हा नियम ऋण-भूमीच्या व्यवहाराचा. विवाहाच्या बाबतीत जुन्यांची दृष्टी निराळी होती. कौटिल्याने अर्थशास्त्रात स्वच्छ सांगितले आहे की, नवऱ्याची इच्छा नसताना त्याचा द्वेष करणाऱ्या बायकोला मोकळीक नाही, आणि बायकोची इच्छा नसताना नवऱ्यालाही नाही. द्वेष दोघांचा असेल तरच मोक्ष. धर्म्य मानलेल्या पहिल्या चार प्रकारच्या विवाहांना तर तेवढीही सवलत नाही. परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट किती काळ पाहावी याची कोष्टके त्याने दिली, पण मुदत सरल्यावरही बाईने धर्मस्थांची, म्हणजे न्यायाधीशांची, अनुज्ञा घेऊनच पुढचे पाऊल टाकावे असे म्हटले. नवरा आला नाही हे बाईने म्हणणे पुरेसे नव्हते. ते कोणा तिसऱ्याने तपासून पाहायचे होते. वाचकांनी हा तिसरा ध्यानात ठेवावा. पुढची सारी हकीगत त्याच्याच शोधाची आहे.

मराठेशाहीत हा तिसरा म्हणजे गोत, जात किंवा सरकारी न्यायाधीश. त्या काळच्या निवाड्यांत एक मोठी सुंदर चाल होती. निवाडा झाला की हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत. म्हणजे ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याने आपल्या हाताने लिहून द्यायचे की, माझे म्हणणे खोटे ठरले. गैरहजर मनुष्य असे खत कोठून लिहिणार? म्हणून आधी हजीरजामीन घ्यायचा आणि मग वादाला तोंड फोडायचे. ब्राह्मणादी वर्गांत विवाह मोडण्याची वाट नव्हतीच. इतर अनेक जातींत मात्र काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी आणि त्यानंतरचा पाट हे सर्रास चालत असे. ऑर्थर स्टील याने दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज टिपून १८२७ साली जे पुस्तक केले त्यात या चिठ्ठ्यांची नोंद आहे. सोडचिठ्ठी हा कागद असला तरी त्यामागे चारचौघांसमोर झालेले बोलणे असे. काडी मोडताना ती मोडणारा हात तेथे असावा लागे.

इंग्रजी न्यायालयांनी हा पंचांचा अधिकार हळूहळू मोडीत काढला. नवऱ्याच्या संमतीवाचून जातीने बाईला मोकळे केले आणि तिने दुसरे लग्न केले, तर ती द्विभार्यात्वाच्याच जातीचा गुन्हा करते, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ साली म्हटले. १८७६ साली त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, विवाह रद्द ठरविण्याचा अगर पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. हेतू वाईट नव्हता. नवऱ्याच्या पाठीमागे, त्याला न विचारता केलेली मोडणी नको, एवढाच त्याचा अर्थ. पण परिणाम विलक्षण झाला. जातीने सोडवायचे नाही, आणि सरकारी न्यायालयाजवळ हिंदू विवाह सोडविण्याचा कायदाच नाही. ज्या बाईचा नवरा परागंदा झाला तिला दारच उरले नाही. नियमाने ती रिकामी खोली बंद केली आणि किल्ली कोणाकडेच दिली नाही.

त्या बंद खोलीत सर्वांत मोठ्याने बोललेली बाई म्हणजे रखमाबाई. तिची कथा मराठी वाचकास ठाऊक आहे, तरी आमच्या विषयाच्या अंगाने ती पुन्हा पाहण्याजोगी आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदायला गेली नाही, म्हणून दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. ती गप्प बसली असती तर पहिल्याच तारखांना एकतर्फा हुकूमनामा होऊन गेला असता आणि आज तिचे नावही कोणास माहीत नसते. ती हजर झाली आणि बोलली. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा काढून टाकला. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी तिने नवऱ्याकडे जावे, न जाईल तर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. कैद पत्करीन पण जाणार नाही, हे तिचे उत्तर. ‘केसरी’ने तिच्यावर कोरडे ओढले, सुधारकांनी तिच्यासाठी निधी जमवला, आणि १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकूमनामा बजावण्याचा नाद सोडला. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि पुढे सुरत व राजकोट येथील रुग्णालयांत तिने जन्म वेचला. पण ही तडजोड होती, घटस्फोट नव्हे. तसा निकाल देण्याची सत्ता कोणत्याही न्यायाधीशाला नव्हती. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा ही स्वतंत्र वृत्तीची डॉक्टरीण पांढरे पातळ नेसली, असे तिच्या चरित्रात सांगतात. ज्याच्या घरी ती एक दिवस नांदली नाही त्याचे वैधव्य तिने पाळले. हे वाचताना आम्ही दर वेळी थबकतो.

दार उघडण्याचे काम संस्थानांनी आधी केले, ही मराठी माणसास अभिमानाची गोष्ट आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१९ साली काडीमोडीविषयी कायदा केला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. (गोव्यात पोर्तुगालच्या १९१० सालच्या कायद्याने परस्परसंमतीचा घटस्फोटदेखील पोहोचला होता, पण तो प्रवाह वेगळा.) योगायोगाची गंमत अशी की, बडोद्याने दार किलकिले केले त्याच १९३१ साली अमेरिकेतील नेवाडा संस्थानाने ते सताड उघडले. सहा आठवडे तेथे मुक्काम केला की घटस्फोटाचा अर्ज करता येईल, असा नियम त्यांनी केला, आणि रीनो गावाची हॉटेले भरून गेली. या नेवाड्याशी एका हिंदुस्थानी बाईची गाठ पुढे पडायची आहे.

मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. बेळगाव व धारवाड तेव्हा मुंबईतच असल्याने आज कर्नाटकात असलेल्या त्या जिल्ह्यांनाही तो लागू होता. मद्रासने १९४९ साली कायदा केला, आणि १८ मे १९५५ रोजी साऱ्या देशासाठी हिंदू विवाह अधिनियम अमलात आला. जुनी सोडचिठ्ठीही त्याने मारली नाही; जेथे रूढी सिद्ध होईल तेथे ती कलम २९ खाली आजही टिकते.

या अधिनियमातील कलम २३ आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा की, दाव्यास विरोध झालेला असो वा नसो, कारण खरोखर अस्तित्वात आहे, अर्जदार स्वतःच्याच गैरवर्तनाचा लाभ उठवीत नाही आणि दोन्ही पक्षांचे संगनमत नाही, याविषयी न्यायालयाची खात्री पटली तरच हुकूमनामा द्यावा. ‘विरोध झालेला असो वा नसो’ या पाच शब्दांत सारे आले. उधारीच्या दाव्यात प्रतिवादी गप्प राहिला तर वादीचे म्हणणे कबूल धरण्यास न्यायालयाला पुष्कळ मोकळीक आहे. विवाहात गप्प बसणे ही कबुली नव्हे. समोरची खुर्ची रिकामी असेल तर तिच्या वतीने शंका घेण्याचे काम न्यायाधीशाने करायचे. कौटिल्याचा तो तिसरा अखेर कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला.

संगनमताची अट इंग्रजी कायद्यातून आलेली आहे, आणि तिची तेथील कथा करमणूक करणारी आहे. इंग्लंडात १८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयात आला तेव्हा त्यांना भीती होती ती जोडप्याने ठरवून खोटा पुरावा करण्याची. त्यासाठी १८६० पासून राजाचा एक खास अधिकारी नेमून दिला. त्याने असा डाव हुडकून काढायचा. तरीही नवऱ्याने समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात परक्या बाईसह रात्र काढल्याचा देखावा करावा, सकाळी चहा आणणाऱ्या मोलकरणीने साक्ष द्यावी, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. ए. पी. हर्बर्ट या विनोदी लेखकाने १९३४ साली त्यावर कादंबरी लिहिली, पुढे पार्लमेंटात निवडून जाऊन १९३७ चा सुधारणा-कायदाच संमत करवून घेतला. तेथे भय दोघे मिळून फसवतील याचे. आमच्याकडे एक जण दुसऱ्याच्या पाठीमागे फसवील याचे. कलम मात्र दोन्हींवर तेच नेमले गेले.

त्याच १९५५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात एक निकाल लागला होता. खटला निवडणुकीचा, कोट्याचा, पण न्या. व्हिव्हियन बोस यांनी त्यात ‘एकतर्फा’ या शब्दाचा अर्थ कायमचा स्पष्ट केला. बोस नागपूरचे, तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून ते दिल्लीस गेले होते. त्यांचे म्हणणे असे की, एकतर्फा म्हणजे फक्त त्या दिवशी दुसरा पक्ष नव्हता, एवढेच. पुढच्या तारखेस तो आला तर त्याला हाकलून देता येत नाही. तो आहे त्या टप्प्यापासून भाग घेऊ शकतो. कार्यपद्धतीचे नियम न्याय सुकर करण्यासाठी असतात, माणसांना अडकवण्याचे सापळे म्हणून नव्हेत, ही त्या निकालाची दृष्टी. कचेऱ्यांत जन्म काढलेल्या आमच्यासारख्यांनी तो निकाल एकदा तरी वाचावा. नियमाकडे इतक्या ममतेने पाहणारा गद्यलेखक आमच्या पाहण्यात थोडा आला.

कायदा असा चांगला असताना प्रत्यक्षात काय झाले? येथे एका साध्या मराठी शब्दाची दुर्दशा सांगितली पाहिजे. नांदणे या शब्दात किती माया आहे! आमच्याकडे मुलीला आशीर्वाद देतात तो ‘सुखाने नांद’ असा. पण कायद्याच्या कलम ९ खालचा ‘नांदायला यावे’ हा दावा अनेकदा नांदवण्यासाठी लावलाच जात नव्हता. रीत अशी: माहेरी गेलेल्या बायकोवर नवऱ्याने नांदण्याचा दावा लावायचा. समन्स माहेरी जाते. घरची माणसे म्हणतात, बोलावतोच आहे ना, येईल तेव्हा पाहू; कोर्टात कशाला जायचे? बाई जात नाही. एकतर्फा हुकूमनामा होतो. आता ठरावीक मुदत थांबायचे, मूळ कायद्यात दोन वर्षे होती, १९७६ पासून एक, आणि त्या काळात सहजीवन पुन्हा सुरू झाले नाही या एवढ्याच कारणावर घटस्फोटाचा अर्ज करायचा. १९६४ पर्यंत ही शिडी हुकूमनामा मिळविणाऱ्यालाच होती. पुढे दोन्ही पक्षांस खुली झाली. पहिल्या कागदावर ‘ये’ लिहिलेले होते, म्हणून ज्या बाईने तो कोनाड्यात ठेवून दिला, तिला त्याचा अर्थ ‘जा’ असा होता हे दुसऱ्या कागदावरून कळायचे. नांदण्याचा हुकूम न पाळणाऱ्या स्त्रीला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली दिवाणी संहितेतून गेली खरी. पण रखमाबाईला तुरुंगाची भीती घालणारा तोच दावा तिच्या नातींच्या वयाच्या बायकांना न कळत घराबाहेर काढू लागला. कलम २३ म्हणते की स्वतःच्या गैरवर्तनाचा लाभ कोणी उठवू नये. पण आधीच्या हुकूमनाम्याच्या वेळी कोणी बोललेच नसेल तर ते गैरवर्तन कागदावर येणार कोठून?

आता नेवाड्याची गोष्ट. जालंदरला १९५५ साली लग्न झालेले एक जोडपे. नवरा १९५९ मध्ये अमेरिकेस शिकावयास गेला आणि १९६४ साली त्याने नेवाड्यातून घटस्फोटाचा हुकूमनामा मिळविला. बायको दोन मुलांसह भारतात. तिने पोटगी मागितली तेव्हा तो कागद पुढे आला. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर १९७४ मध्ये पुण्याचे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी निकाल दिला की, नेवाड्यात कायमचे राहण्याचा त्याचा इरादाच नव्हता. तसा आहे असे भासवून मिळविलेला निकाल फसवणुकीचा असल्याने येथे बंधनकारक नाही.

पुढे १९९१ साली आंध्रातल्या एका प्रकरणात न्या. पी. बी. सावंत यांनी त्यापलीकडचे पाऊल टाकले. तिरुपतीस झालेले लग्न, अमेरिकेतील मिसूरी संस्थानातून मिळविलेला घटस्फोट, आणि मग नवऱ्याचे दुसरे लग्न, असा तो मामला होता. परदेशी न्यायालयाने दिलेला निकाल केव्हा मानायचा याचे नियम सावंतांनी घालून दिले. समन्स मिळाले होते, एवढ्यावर भागायचे नाही. ज्याच्यावर दावा केला तो तेथे जाऊन खरोखर लढण्याच्या स्थितीत होता काय, हे पाहायचे. आणि जरूर तेथे प्रवासाचा, राहण्याचा व दाव्याचा खर्च अर्जदाराने देण्याची व्यवस्था झाली पाहिजे. नुसते मुदत मागणारे वा हरकत नोंदविणारे पत्र पाठविले म्हणजे त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला असे नव्हे. गैरहजेरीला तिकिटाचे भाडे असते, ही गोष्ट न्यायशास्त्राने इतक्या स्वच्छपणे मान्य केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. दोन्ही निकाल मराठी न्यायाधीशांच्या लेखणीतून उतरावेत याचे आम्हांस विशेष वाटते. कदाचित हा आमचा प्रांताभिमान असेल. परदेशी राहणाऱ्याला तेवढा क्षम्य असावा.

परंतु भाड्याचा प्रश्न मिसूरीलाच असतो असे नाही. कोरमंगला ते सांगली हेही अंतर थोडे नव्हे. येथे केंद्रीय सदनात केंद्र सरकारची कचेऱ्यांवर कचेऱ्या, पारपत्राचे कार्यालय, १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या आणि पुढे रहिवाशांना मिळालेल्या उंच इमारती, आणि सभोवार संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी तरुण माणसे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावी मराठी माणूस नवा नाही. पण आजचे जोडपे पुण्याहून लग्न होऊन येते, दोन-तीन घरे बदलते, आणि बिनसले की एक जण येथे उरतो व एक गावी जातो. कलम १९ प्रमाणे दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले तेथे अर्ज करता येतो. म्हणून सांगलीस गेलेल्या बाईला बंगळुराच्या कुटुंब न्यायालयाचे समन्स येते. सिद्धय्या रस्त्यावरच्या त्या इमारतीचे नाव ‘न्यायदेगुल’. देगुल म्हणजे आपले देऊळ. हा अर्थ मराठी माणसास सांगावा लागत नाही. पण या देवळात दर महिन्याला यायचे म्हणजे रात्रीची गाडी, रजा, लेकरू कोणाकडे तरी ठेवणे. २००३ पासून पत्नी अर्जदार असेल तर तिला आपल्या राहत्या गावी अर्ज करता येतो. पण तीच जाबदार असेल तर प्रकरण दुसऱ्या राज्यात हलविण्याची सत्ता फक्त सर्वोच्च न्यायालयास. म्हणजे बंगळूर दूर म्हणून आधी दिल्लीस जायचे! अशा अर्जांचा तेथे इतका पूर आला की, २०१७ च्या मार्चमध्ये दूरचित्रसंवादाने सुनावणी घेण्याचा मार्ग सुचविला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या बहुमताने त्यास आवर घातला, कारण कुटुंबाचे भांडण बंद दाराआड ऐकायचे असते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्हांस पटते, हीच अडचण आहे.

सरकारी नोकराची सोय कायद्याने थोडी पाहिली आहे. त्याचे समन्स त्याच्या कचेरीच्या प्रमुखाकडे पाठविता येते, आणि प्रमुखाने ते बजावून पोच द्यायची. युद्धपरिस्थितीत चाकरीवर असलेल्या शिपायाविरुद्ध त्याच्या पाठीमागे निकाल होऊ नये म्हणून १९२५ चा स्वतंत्र कायदा आहे. पण बिऱ्हाडामागून बिऱ्हाड हलविणाऱ्या त्यांच्या बायकांना कचेरी नाही आणि कचेरीचा प्रमुखही नाही. त्यांचा पत्ता म्हणजे अर्जात नवरा लिहील तो. तेथे बेलीफ गेला, कोणी सापडले नाही, तर दारावर कागद चिकटवायचा; तेही निष्फळ झाले तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. ती कोणत्या पत्रात? जाबदार शेवटी जेथे राहत असल्याचे माहीत आहे त्या भागात खपणाऱ्या. मिरजेच्या माहेरी भाकरी थापणाऱ्या बाईची नोटीस अशा रीतीने बंगळुरात छापून येऊ शकते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती तिने वाचलेली असते.

याउलट जेथे दोघेही हजर राहून नको म्हणतात, तेथे वाट बरीच सोपी झाली. १९७६ साली कलम १३-ब येऊन परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह अधिनियमात आला. सहा महिने पुन्हा विचार करण्याची मुदत होती, ती योग्य प्रकरणी माफ करता येते असे २०१७ साली ठरले. कौटिल्याची दोन हजार वर्षांपूर्वीची अट, द्वेष दोघांचा असावा, ती हीच. बिनविरोध घटस्फोट म्हणताना लोक या दोहोंची गल्लत करतात. एका प्रकरणात दोन सह्या असतात. दुसऱ्यात एक सही आणि एक शेरा.

तो शेरा पुसता येतो काय? येतो. संहितेच्या नवव्या आदेशातील तेरावा नियम सांगतो की, समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा पुरेशा कारणाने हजर राहता आले नाही, असे दाखविल्यास एकतर्फा हुकूमनामा रद्द होतो. मुदत तीस दिवसांची. पण समन्स बजावलेच नसेल तर ती निकालाच्या दिवसापासून नव्हे, निकाल कळल्याच्या दिवसापासून मोजतात. दरम्यान अपिलाची मुदत उलटली म्हणून नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असू शकतो. आणि तो सरकारी नोकर असेल तर पहिला निकाल रद्द होताच वर्तणुकीच्या नियमांतले हयात पत्नीविषयीचे कलम त्याच्या फायलीत येऊन बसते. तिसऱ्याच एका बाईचे काय होते, ते आणखी निराळे.

आम्ही ते घर अकरा महिन्यांनी सोडले. त्यापूर्वी घरमालकाला विचारून पाहिले. त्या बाई दोन वर्षांमागे राहत होत्या, मुलगी लहान होती, जाताना गॅसची शेगडी आणि तुळशीची कुंडी मागे ठेवून गेल्या, एवढे त्याला आठवत होते. फोनचा नंबर त्याच्याजवळ होता, तो आता लागत नव्हता. तुळस आमच्या हातची वाढली होती. नव्या घराचा पत्ता आम्ही त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला, आणि पुढच्या बिऱ्हाडाने आमचे काही टपाल आले तर परत धाडू नये, आम्हांस कळवावे, असे दोनदा सांगितले.